बाळंतिणीचं ताट आणि अंगावरचं दूध

दारव्ह्याकडच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, बाळ दीड महिन्याचं आहे. आजीनं कडक पथ्य लावलं आहे: दोन्ही वेळ भात-तूप, मेथ्यांचा लाडू, सुंठ. पालेभाजी, तुरीचं वरण, दही, संत्रं बंद, पाणीसुद्धा मोजून. दूध वाटीत काढून पाहिलं तर निळसर, पाण्यासारखं निघालं. बाळ संध्याकाळी दोन-तीन तास रडतं. आजीचं म्हणणं, दुधात दम नाही, म्हशीचं सुरू करा. ताईंचा प्रश्न असा की आईच्या खाण्यानं दूध घट्ट होतं का, आणि होत असेल तर तिला काय द्यायचं.

ताई, आधी तातडीचं. म्हशीचं दूध सुरू करू नका आणि बाटली घरात आणूच नका. उद्या सकाळी अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात जाऊन बाळाचं वजन करा. जन्माचं वजन कार्डावर लिहिलेलं असेल, ते कार्ड सोबत न्या. बाकीचं निवांत वाचा, कारण उत्तर थोडं लांबणार आहे.

पातळपणापासून सुरुवात करू. आपल्याकडे दुधाचा कस मोजायची एकच रीत, डेअरीतली. फॅट किती लागली त्यावर भाव. म्हशीची ६-७ लागते, गायीची साडेतीन-चार. गंमत अशी की बाईचं दूध त्या यंत्रात घातलं तर तीही साडेतीन-चारच्या आसपासच लागेल, म्हणजे गायीइतकी. फरक आहे तो प्रथिनांचा. गायीच्या १०० मिलिलिटर दुधात ३ ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, आईच्या दुधात जेमतेम १. दुधाला पांढरा दाटपणा मुख्यतः फॅट आणि केसीन नावाचं प्रथिन देतं, आणि आईच्या दुधात केसीन फार कमी. म्हणून ते निळसर दिसतं. वासराचं वजन दीड-दोन महिन्यांत दुप्पट होतं, त्याला ती प्रथिनं लागतात. माणसाच्या लेकराला दुप्पट व्हायला चार-पाच महिने मिळतात. उलट साखर, म्हणजे लॅक्टोज, आईच्या दुधात जास्त: १०० मिलिलिटरला ७ ग्रॅम, गायीच्यात पावणेपाचच्या आसपास. म्हशीच्या मापानं बाईचं दूध मोजायला गेलं की ते नेहमी नापासच होणार.

दुसरं म्हणजे, तुम्ही काढून पाहिलं ते बहुतेक पाजण्याच्या सुरुवातीचं दूध असावं. माझ्या ओपीडीत बाया रोज सांगतात, "माह्यं दूद पान्यावानी हाये जी, लेकराचं पोटच भरत नाई." अशा वेळी मी दोन स्टीलच्या वाट्या मागवते. एकीत पाजण्याआधी चमचाभर दूध काढायला सांगते. मग बाळाला त्याच बाजूला मनसोक्त पिऊ द्यायचं, आणि त्यानं तोंड सोडलं की दुसऱ्या वाटीत आणखी चमचाभर पिळायचं. दोन्ही वाट्या खिडकीत शेजारी ठेवायच्या. पहिलीचा तळ दिसतो. दुसरीतलं पिवळसर-पांढरं, आणि तास-दीड तासानं वर सायीसारखा थर धरतं. बाई तीच, स्तन तोच, मधे वीस मिनिटं गेलेली. फॅट स्तनातल्या पेशींना चिकटून राहते आणि स्तन रिकामा होत जातो तशी सुटत जाते. म्हणजे दुधाची फॅट आज ताटात किती तूप पडलं त्यावर फारशी ठरत नाही, ती ठरते स्तन किती रिकामा झाला त्यावर. पाच मिनिटांत बाळाला काढून दुसऱ्या बाजूला लावायची सवय असेल तर ती मोडा. एक बाजू पूर्ण होऊ द्या, मग दुसरी.

आता मूळ प्रश्न. आईच्या खाण्याचा दुधावर परिणाम होतो का? होतो. पण घरातले लोक जिथे शोधतात तिथे होत नाही, आणि जिथे होतो तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

लॅक्टोज स्तनातच तयार होतं. तेच पाणी ओढून घेतं आणि दुधाचं आकारमान ठरवतं. म्हणून आई काहीही खावो, साखरेचं प्रमाण जवळपास हलत नाही. प्रथिनांचंही तसंच. कॅल्शियम, लोह, जस्त, तांबं, फोलेट यांच्यावरही आईच्या रोजच्या जेवणाचा म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. मग ती जेवली नाही तर हे येतं कुठून? तिच्या अंगातून. दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध, त्यातून २०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. ताटात नसेल तर ते हाडातून निघतं. पाजणं थांबल्यावर हाडं बऱ्याच अंशी भरून येतात, पण आपल्याकडे त्याआधीच दुसरं बाळंतपण येऊन ठेपलेलं असतं. आफ्रिकेतल्या गांबियात केनेबा नावाचं गाव आहे. तिथल्या खंगलेल्या, शेतात राबणाऱ्या आयांना १९८० च्या सुमारास रोज जादा आहार देऊन दूध मोजलं गेलं. आयांचं वजन थोडं वाढलं, दूध मात्र होतं तेवढंच राहिलं. 

म्हणून आजीला सांगायची गोष्ट वेगळी आहे. अर्धपोटी बाईचंही दूध उतरतं, आणि ते चांगलंच असतं. तिला पोटभर द्यायचं ते दुधाला दम यावा म्हणून नाही, तिच्या स्वतःच्या अंगात काही उरावं म्हणून. आयसीएमआर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, तिच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिनं जास्तीची लागतात. आपल्या हिशेबात सांगायचं तर नेहमीच्या जेवणावर ज्वारीच्या दोन मध्यम भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि मूठभर शेंगदाणे. काही महाग नाही. फक्त पथ्याच्या यादीत बसत नाही.

आता जे खरंच ताटातून दुधात जातं ते बघू: बी-१, बी-२, बी-६, बी-१२, अ जीवनसत्त्व, आयोडीन, सेलेनियम, काही प्रमाणात क जीवनसत्त्व, आणि फॅटची जात. आईत कमी तर दुधात कमी, तर लेकरात कमी. यात मला सगळ्यात जास्त भीती बी-१२ ची वाटते, त्याबद्दल सविस्तर सांगते.

काही वर्षांपूर्वी एक नऊ महिन्यांचं बाळ आणलं होतं. घर माळकरी. बाळ गुबगुबीत, म्हणून घरच्यांना चिंता नव्हती. रंग पांढराफटक, केस विरळ आणि तांबूस, बोटांच्या पेरांवर काळपट डाग. आधी बसायचं ते आता लुढकत होतं. आणि हसत नव्हतं. मी चुटकी वाजवली, खुळखुळा हलवला, ते माझ्यातून आरपार बघत राहिलं. हात बारीक थरथरत होते. आजीचं म्हणणं, नजर लागली. आईला विचारलं, दूध-दही घेता का? म्हणाली, दोन म्हशी आहेत, पण दूध सगळं डेअरीत जातं, घरात कोरा चहा. अंडं-मटणाचा तर प्रश्नच नव्हता. बाळ नऊ महिने निव्वळ अंगावर होतं, वरचं अन्न जवळजवळ नाही. बी-१२ वनस्पतीत नसतं. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण, कलेजी यांतूनच मिळतं. आईच्या अंगात नव्हतं म्हणून गर्भात बाळाच्या यकृतात साठलं नाही, आणि नंतर दुधातूनही आलं नाही. इंजेक्शन सुरू केल्यावर आठवड्याच्या आतच ते आईकडे बघून हसलं. वॉर्डातल्या मावशींनी मला हाक मारून बोलावलं होतं ते बघायला. थरथर जायला आणखी काही आठवडे लागले. अशी बाळं उशिरा आली तर मेंदूचं नुकसान पूर्ण भरून येत नाही, म्हणून इतकं लांबवून सांगितलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सरकारी दवाखान्यातून बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या मिळतात, त्यांत लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड असतं, बी-१२ नसतं. "गोळ्या चालू आहेत" यावर निश्चिंत होऊ नका. तुमचं घर शाकाहारी असेल तर बहिणीला रोज दोन कप दूध किंवा दह्या-ताकाच्या दोन वाट्या द्या, आणि डॉक्टरांना विचारून बी-१२ ची गोळी सुरू करा. घर मांसाहारी असेल तर अंडं पहिल्या आठवड्यापासून चालतं. सव्वा महिना थांबायचं काही कारण नाही. आजीनं दही बंद केलं आहे ना, त्या दह्याबद्दलच मी बोलते आहे.

बी-१ ची गोष्ट दारव्ह्यापेक्षा भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्याला जास्त लागू आहे, पण तुमच्याकडे सध्या भातच चालू आहे म्हणून सांगते. पॉलिशच्या तांदळात थायमिन म्हणजे बी-१ आधीच थोडं. तो चार पाण्यांत धुवायचा, वरचं पाणी ओतून द्यायचं, आणि वर डाळ-भाजी बंद. काश्मीर आणि ईशान्येकडच्या भागांत अशाच बाळंतपणाच्या पथ्यामुळे दोन-चार महिन्यांची दूधपिती बाळं अचानक दगावण्याच्या दारात पोचलेली डॉक्टरांनी नोंदवली आहेत. बाळ दूध सोडतं, रडताना आवाज घोगरा होतो किंवा बसतोच, धाप लागते. वेळेत थायमिनचं इंजेक्शन मिळालं तर काही तासांत फरक पडतो. उकडा तांदूळ, ज्वारी, डाळी, शेंगदाणे यांत थायमिन बऱ्यापैकी असतं. तुमच्या घरात ज्वारी असताना बाळंतिणीला निव्वळ भातावर ठेवणं म्हणजे विहीर दारात असून तहानलेलं राहणं.

फॅटचं प्रमाण जेवणानं फारसं बदलत नाही म्हटलं, पण जात बदलते. भात-साखरेवर राहिलेल्या आईच्या दुधात स्तनातच बनलेली मध्यम लांबीची फॅट वाढते. जवसाची चटणी खाणाऱ्या आईच्या दुधात जवसातलं ओमेगा-३ वाढतं. पण बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारं डीएचए जवसातून फारसं तयार होत नाही, ते माशांतून मिळतं. म्हणून जवस खुशाल खा, पण भंडारा-गोंदियाकडे ढीवरवाड्यात राहून बाळंतिणीचे मासे बंद करणाऱ्यांना मी हात जोडते. आयोडीनसाठी पाकिटातलं आयोडीनयुक्त मीठ वापरा, खडेमीठ नको, एवढं पुरे.

ड जीवनसत्त्व मात्र आईच्या दुधात असतंच कमी, आई उन्हात वावरणारी असली तरी बाळाला पुरेल याची खात्री नाही. म्हणून प्रत्येक बाळाला रोज ४०० आययूचे थेंब पाजतात. तुमच्या बाळाला चालू नसतील तर वजनाला जाल तेव्हाच विचारा.

आता आजीची बंदीची यादी. पालेभाजी: "हिरवं खाल्लं तं लेकरू हिरवं हागते, आमाले मालूम नाई का?" हे मी शेकडो वेळा ऐकलं आहे. बाळाची शी पिवळी, कधी हिरवट, कधी फेसाळ अशी होत राहते, त्याचा पालकाशी संबंध नसतो. वरण, हरभऱ्याची डाळ, वांगं, बटाटा वातूळ म्हणून बंद. वायू आईच्या आतड्यात तयार होतो आणि तिथूनच बाहेर पडतो. तो दुधात उतरत नाही. वास आणि चव मात्र उतरते. १९९१ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ज्युली मेनेला आणि गॅरी बोशँप यांनी आयांना लसणाच्या कॅप्सूल दिल्या. दोनेक तासांनी दुधाला लसणाचा वास आला, आणि बाळांनी तोंड फिरवायचं सोडून जास्त वेळ पिऊन घेतलं. आपल्या लेकराला पुढे ठेचा-भाकर खायची आहे, त्याची तोंडओळख इथूनच झाली तर वाईट काय. आंबट खाल्ल्यानं दूध नासत नाही. दूध रक्तातून बनतं, पोटातून नाही.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. थोड्या बाळांना आईनं घेतलेल्या गायी-म्हशीच्या दुधातलं प्रथिन सोसत नाही, शीमध्ये रक्ताची रेघ आणि चिकट शेंब दिसते. तसं दिसलं तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून आईचं दूध-दही दोन ते चार आठवडे बंद ठेवून बघतात. निव्वळ रडण्यावरून कधीच नाही.

पाण्याबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बाजेखाली शेगडी, खिडक्या बंद, आणि बाईला दिवसाला दोन पेले पाणी, पोट सुटेल म्हणून. जास्त पाणी प्यायल्यानं दूध वाढत नाही हे खरं. पण तहान मारून बसवल्यानं तिला बद्धकोष्ठ, डोकेदुखी, लघवीची जळजळ होते, आणि चक्कर येऊन न्हाणीघरात पडलेल्या बाळंतिणी मी पाहिल्या आहेत. तहान लागेल तेवढं पाणी द्या, पाजायला बसली की बाजूला तांब्या ठेवा. बाळाला मात्र सहा महिने पाणी नाही, उन्हाळ्यातही नाही. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं.

मेथ्या, हळीव, डिंक, खसखस, शतावरी, बाळंतशोपा यांनी दूध वाढतं का? पुरावा कच्चा आहे. पण डिंक-खारीक-खोबऱ्याच्या लाडवात कॅलरी भरपूर असतात, आणि बाळंतिणीसाठी कुणीतरी चुलीपाशी बसून लाडू वळतं आहे यालाही किंमत आहे. लाडू चालू ठेवा. तो जेवणाच्या ऐवजी नको, जेवणावर हवा. दूध वाढवणारी खरी गोष्ट एकच, स्तन वारंवार रिकामा होणं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं, त्यातही रात्रीचं न टाळणं, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. वरच्या दुधाची एक बाटली गेली की तेवढं अंगावरचं ओढलं जात नाही, आणि शरीराला वाटतं गरज कमी झाली. आठ दिवसांत दूध खरंच आटतं, आणि आजी म्हणते, बघा मी म्हणत होते.

मग बाळ रडतं कशानं? सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळांचं रडणं सगळ्यात जास्त असतं, आणि तेही संध्याकाळचं. तुमचं बाळ नेमकं त्याच वयात आहे. त्या वेळात ते सारखं सारखं छातीशी येतं, ते येऊ द्यायचं. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी आणि दिवसाला सरासरी २०-३० ग्रॅम वजनवाढ असेल तर दूध पुरतं आहे. दीड महिन्यात जन्माच्या वजनावर किलोभर वाढलेलं असेल तर आजीला कार्डच दाखवा, माझं नाव सांगायची गरज नाही. वाढ कमी असेल, ताप असेल, बाळ सुस्त असेल, पिताना धापत असेल तर आहाराचा विचार करत बसू नका, बालरोगतज्ज्ञाकडे जा.

विषय निघालाच आहे तर खर्ऱ्याचंही, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचंही, विचारून घ्या. बाया सांगत नाहीत, आपण विचारावं लागतं. खर्रा, गुडाखू, तंबाखू, कशाच्याही रूपातलं निकोटीन दुधात उतरतं, आणि रक्तात असतं त्याच्या दीड ते तीन पट होऊन उतरतं. बाळ चिडचिडं होतं, झोप मोडते, आईचं दूधही कमी होऊ शकतं. ज्या घरात वांगं बंद करतात त्याच घरात बाळंतिणीच्या उशाशी खर्ऱ्याची पन्नी मी स्वतः पाहिली आहे. लगेच सुटत नसेल तरी पाजणं थांबवू नका, आधी पाजा, आणि खाल्ल्यानंतर जमेल तितका वेळ जाऊ द्या. मोहाच्या दारूबद्दल नियम सोपा आहे, रक्तात जितकी तितकीच दुधात. चहाचे दोन-तीन कप चालतात, फक्त लोहाच्या गोळीबरोबर नको.

आजीशी भांडू नका. तिच्या यादीतलं जे चांगलं आहे ते तिच्याच हातून चालू ठेवा: तूप, लाडू, सुंठ, अंगाची मालिश. त्यात तुम्ही एकेक घालत जा. पहिल्या दिवशी भाकर आणि मुगाचं वरण, मूग पथ्यात बसतो. मग मेथीची किंवा चवळीची पातळ भाजी, मग ताक जिरं घालून. लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर, कॅल्शियमची वेगळ्या वेळी, दोन्ही एकत्र नको. आणि संत्रं त्या लोहाच्या गोळीसोबतच द्या, आंबट फळानं लोह जास्त लागू पडतं. बाळाला सर्दी झालीच तर संत्र्याला दोष देऊ नका, घरात आधी कोण शिंकत होतं ते बघा.